‘मी’ न म्हणणारे थळकर

थळकर सर स्वतःला कधी ‘मी’ म्हणत नसत. चहा नको असेल तर म्हणायचे, “या माणसाला चहा नको.” डोकं दुखत असेल तर, “आज या माणसाचं डोकं जरा जड आहे.” शाळेत नव्यानं आलेल्याला वाटायचं, हे कुणा तिसऱ्याबद्दल बोलताहेत. तो बिचारा इकडेतिकडे बघायचा. पोरांना मात्र आयतं कोलीत मिळालं होतं. “सर, हा माणूस आज गृहपाठ विसरला,” असं एखादं कार्टं उभं राहून गंभीर चेहऱ्यानं सांगायचं आणि वर्ग खुसखुसायला लागायचा. थळकर सर तितक्याच गंभीरपणे म्हणायचे, “मग त्या माणसाला बाहेर उभं कर, आणि तू आत बस.”

बी.टी. होऊन मी अंधेरीच्या त्या शाळेत लागले तेव्हा पन्नासचं दशक नुकतंच उजाडलं होतं. पार्ल्याहून मी चालत यायची. पहिल्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला बसायला जागाच नव्हती. कोपऱ्यातल्या खुर्चीतून एक उंच, वाकलेला, पांढऱ्या सुती कोटातला माणूस उठला, आपलं टेबल, खण, खुंटी सगळं मला दाखवलं, म्हणाला, “हे आता तुमचं,” आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन बसला. पुढं मी शंभरदा म्हटलं, सर, तुमची जागा परत घ्या. ते कट्ट्यावरच बसले. येणारा-जाणारा आधी कट्ट्याकडे बघायचा, मग खुर्चीतल्या माझ्याकडे. फार आरामात मी त्या खुर्चीवर कधी बसले नाही.

रूबेन थळकर शास्त्र शिकवायचे. बेने इस्राएल, म्हणजे आपल्याच कोकणातले, मराठी बोलणारे यहुदी. मूळ अलिबागकडच्या थळचे. त्यांचे पूर्वज तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी बैल सोडून ठेवायचे आणि गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. हे ते कौतुकानं सांगत. शनिवारी ते शाळेत येत नसत. त्याबदल्यात रविवारी दुपारी येऊन प्रयोगशाळेतल्या बरण्या पुसत बसत. रविवारची सकाळ मात्र ठरलेली. भायखळ्याला एक म्हातारे बगदादी यहुदी पंडित होते. हाखाम म्हणायचे त्यांना. त्यांच्याकडे सर कब्बाला शिकायला जात.

कब्बाला ही त्यांच्या धर्मातली गूढ विद्या. मधल्या सुटीत कुणी विचारलं तर सर कट्ट्यावरून उतरायचे, फळ्याच्या तुकड्यावर उजवीकडून डावीकडे तीन अक्षरं काढायचे. “हा शब्द ‘आनी’. हिब्रूत त्याचा अर्थ मी.” मग अक्षरं तीच ठेवून त्यांची जागा बदलायचे. “आता झाला ‘आयिन’. म्हणजे काहीच नाही. अक्षरं तीच हां, प्रधानबाई. एवढाच प्रवास आहे. मीपासून नाहीपर्यंत.” आणि हसून म्हणायचे, “आपल्या मराठीत तर उघडच आहे की! ‘आणि’. माणसातला मी दुसरं काय म्हणतो? आणि दे. आणि हवं. आणि, आणि, आणि.”

आमच्यातल्या ड्रॉइंगच्या मास्तरांनी एकदा विचारलं, “थळकर, देवानं जग केलं कसं हो तुमच्याकडे?” सर म्हणाले, “अंग चोरून. आधी सगळीकडे तोच होता. जग ठेवायला जागाच नाही. मग त्यानं स्वतःला आत ओढून घेतलं, अंग चोरलं, आणि जी पोकळी झाली तीत हे जग मावलं. माणसानं तेच करायचं. जन्मतः माणूस म्हणजे घेण्याची हाव. ती हाव पालटून देण्याची करायची. मधे जे काही चिकटून राहतं ते टरफल. ते फोडायचं.”

“फुटलं नाही तर?”

“तर जन्मभर फुकटची भाकरी. आमच्यात तिला लाजेची भाकरी म्हणतात.”

बोलणं ऐकत राहावंसं वाटायचं. आवाज मऊ होता, डोळ्यांत लहान मुलासारखं काहीतरी होतं. पण वर्षभरात माझ्या लक्षात आलं की शाळेतले लोक त्यांना टाळतात. सर सगळ्यांना द्यायचे. आपला तास, आपली छत्री, डब्यातली आंबोळी, अंगावरचा कोटसुद्धा. घ्यायचे मात्र कुणाकडून काही नाही. दिवाळीत मी करंज्या नेल्या, सगळ्यांनी हात मारला, हे म्हणाले, “या माणसाची काही कमाई नाही त्यावर.” ज्याची छत्री घेतली त्याला छत्री परत देता येत नाही, ज्याचा डबा खाल्ला त्याला आपला डबा पुढं करता येत नाही, अशा माणसासमोर रोज उभं राहणं सोपं नसतं. एकदा ड्रॉइंगचे मास्तर चिडून म्हणाले, “यार, याच्यापेक्षा एखादा चिक्कू बरा. त्याच्यासमोर निदान मान वर करून चालता येतं.”

त्यांचं बिऱ्हाड अंधेरीच्या पूर्वेला, मरोळकडे जाणाऱ्या रस्त्यावर होतं. रोझाबाय नावाच्या एका ख्रिस्ती बाईची भातशेतीच्या कडेला खोल्यांची ओळ होती, त्यातल्या शेवटच्या दोन. तिथं मी पहिल्यांदा गेले ती मिर्याम या त्यांच्या मुलीला गणित शिकवायला. ती तेव्हा शाळकरी होती. थोड्याच दिवसांत मी गणितासाठी जाते की तिच्या आईसाठी, हे माझं मलाच कळेनासं झालं.

रिबकाबाई ठेंगणी, गव्हाळ, बोलायला फटकळ. नऊवारी नेसायची. शुक्रवारी संध्याकाळी तेलाचा दिवा लावताना तिचा चेहरा जितका शांत, तितकीच ती एरवी तुटून पडणारी. मला तिनं पहिल्याच दिवशी अगं-तुगं केलं. नवऱ्याला ती ‘हे’ म्हणायची, पण त्या ‘हे’मध्ये बरंच काही असायचं.

“काल यांनी माझं नवं लुगडं झाडूवालीला दिलं,” ती सांगायची. “मी नेसलेलं असतं तर मला काही वाटलं नसतं गं. घडी मोडायची होती.”

मिर्यामला चित्रकलेच्या स्पर्धेत रंगांची पेटी मिळाली होती. ती पेटी तिनं एक रात्र उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी सरांनी ती वर्गातल्या एका मुलाला दिली, त्याच्याकडे रंग नव्हते म्हणून. मिर्याम रडली नाही. “त्याला दुसरी आणून द्यायची ना, बाबा,” एवढंच म्हणाली. सर तिला जवळ घेऊन म्हणाले, “दुसरी दिली तर ते देणं नव्हे, बाळ. आपल्याला आवडतं तेच द्यायचं.” मला ते तेव्हा पटलंही होतं. पेटी कुणाला आवडत होती, हा प्रश्न मला तेव्हा सुचला नाही. मिर्यामला सुचला असावा. तिनं त्यानंतर चित्रं काढली नाहीत.

हे सगळं सुरू कुठून झालं, ते रिबकाबाईनं मला एकदा तांदूळ निवडता निवडता सांगितलं.

“आमचं लग्न नवीन होतं. हे शहरातल्या एका मशिदीत गेले. आम्ही आमच्या प्रार्थनेच्या जागेला मशीदच म्हणतो. ती बगदाद्यांची. आमच्याकडे प्रार्थना सुरू व्हायला दहा पुरुष लागतात. तिथं नऊ होते, हे दहावे. तरी कुणी सुरुवात करेना. एकजण दारात जाऊन उभा राहिला, दहावा यायची वाट बघत.” ती सुपातला खडा काढून फेकत म्हणाली, “आम्ही काळे ना. आम्हाला कोण मोजतंय.”

“मग?”

“मग काय, निघाले. मागून तो भायखळ्याचा म्हातारा आला काठी टेकत. म्हणाला, माझ्याकडे येत जा, मी शिकवतो. तोही त्यांच्यातलाच, पण माणूस सोन्यासारखा. घरी आले ते दोन दिवस जेवले नाहीत. नंतर मला म्हणाले, जे दुखतं ना, तेच काढून टाकायचं. म्हटलं, दात आहे का तो?”

तिचा खोकला त्या सुमारासच सुरू झाला. आधी आम्ही शेताच्या धुरावर ढकलला, मग ओल्या भिंतींवर. छातीचा फोटो काढल्यावर डॉक्टरांनी क्षय सांगितला. रोझाबायनं आपल्या घराचा वाऱ्याचा व्हरांडा रिकामा करून तिथं तिची खाट टाकली. “मास्तर, तुमी नको म्हनाल तर मी तुमच्याशी बोलनार पन नाय,” असा तिनं आधीच दम भरला, म्हणून सर गप्प बसले. तरी दुसऱ्या दिवशीपासून रोझाबायच्या विहिरीचं पाणी भरायला लागले. डॉक्टरांनी रिबकाबाईचं नाव घाटावरच्या सॅनेटोरियमसाठी दिलं. खाटा थोड्या, रोगी अमाप. वाट बघण्यात एक आख्खं वर्ष गेलं.

त्याच वर्षी आमचा शिपाई तुकाराम परब घंटा देता देता खाली बसला. तोंडाला लावलेला रुमाल लाल झालेला. मालवणकडचा, तिशीही न गाठलेला माणूस, पदरात दोन कच्चीबच्ची. त्याचंही नाव त्याच डॉक्टरांकडे लागलं, पण रांगेत पार मागं.

रिबकाबाईची खाट मिळाल्याचा निरोप आला तेव्हा तिनं मलिदा केला. एलियाहू हन्नाबी या त्यांच्या पैगंबराला बोललेला नवस होता. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ, वेलची, वर केळी आणि खजूर. पांढऱ्या चादरीवर ताट मांडलं होतं. प्रार्थना म्हणायला त्यांच्यातले नऊ पुरुष कुर्ल्याहून आले होते. रिबकाबाई हिरवं लुगडं नेसून व्हरांड्यातल्या खाटेवर उशीला टेकून बसली होती. गालांवर तापाची लाली होती, पण ती हसत होती. पेटी भरून ठेवली होती. स्वतःसाठी विणलेला जाड स्वेटर तिनं मला काढून दाखवला. “तिथं गारठा असतो म्हणे. मी तर कधी घाट चढले नाही गं. थळ ते अंधेरी, संपलं.”

सर त्या दिवशी सगळ्यांना प्रसाद वाढत फिरत होते.

त्या आठवड्यातच एका दुपारी मी रिबकाबाईसाठी घरची शाल घेऊन गेले होते. फाटकाशी तुकारामची बायको दिसली. हातात नारळ आणि खण. ती व्हरांड्यात आली आणि सरळ रिबकाबाईच्या पायांवर डोकं ठेवून रडायला लागली.

“वैनीनू, तुमी माझा कुकू राखलास. तुमची खाट तुमी आमका दिलास.”

रिबकाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. दोघींनाही काही माहीत नव्हतं.

“मास्तर स्वतः डाक्टराकडे गेले,” ती बाई डोळे पुसत सांगत होती. “म्हणाले, आधी तुकारामाक धाडा. त्येची पोरा ल्हान असत.”

वाऱ्यानं व्हरांड्याची चटई फडफडत होती. रिबकाबाईनं बाईला उठवलं. खण घेतला, नारळ घेतला, कपाळाला लावला. मला म्हणाली, “कुंदा, हिच्या हातावर साखर घाल.” मग विचारलं, “कधी निघतो तो?”

“परवा.”

रिबकाबाईनं खाटेखालची पेटी मला ओढायला सांगितली. स्वेटर काढला आणि त्या बाईच्या हातात दिला. “तुझ्या नवऱ्याला तंग होईल. पण आतून घालता येईल. तिथं गारठा असतो.”

ती गेल्यावर रिबकाबाईनं मला पेटी परत खाटेखाली ढकलायला सांगितली. मला वाटलं, आता रडेल. ती म्हणाली, “हे ‘मी’ मारायला निघाले होते गं. घरभर शोधला. शेवटी मी सापडले.”

सर शाळेतून आले तेव्हा मी उठायला लागले. रिबकाबाईनं माझा हात धरून ठेवला.

“तुम्ही मला विचारलं का नाही?”

त्यांनी सायकल भिंतीला टेकवली. ‘काय नाही विचारलं?’ असं त्यांनी उलटून म्हटलं नाही. खाटेच्या पायथ्याशी बसले, आणि अगदी प्रेमानं, समजुतीच्या सुरात म्हणाले, “विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस, रिबका.”

“म्हणाले असते. म्हणूनच विचारायचं होतं.”

“मग ते देणं तुझं झालं असतं.”

“आणि आता?”

सरांनी तिच्या पायांवरची चादर सारखी केली. आपण काय बोलून बसलो हे त्यांना कळलं असेल का, याचा विचार मी पुढं किती वर्षं केला. त्या क्षणी तरी त्यांच्या चेहऱ्यावर कळल्याचं काही दिसलं नाही. “तुला पुढच्या महिन्यात मिळेल,” ते म्हणाले. “डॉक्टरांनी शब्द दिलाय.” मग उठून रोझाबायच्या विहिरीवर पाणी भरायला गेले.

शाळेत ही गोष्ट वणव्यासारखी पसरली. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर सांगितली. त्याग, शेजारधर्म, गुरुजनांचा आदर्श, काय काय बोलले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. थळकर सर ओळीत मान खाली घालून उभे होते. मी त्यांच्या शेजारीच होते. त्यांचे कान लाल झाले होते आणि ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हलत होतं. लग्नात सासरा पाया पडायला आला की नवऱ्या मुलाच्या तोंडावर जे येतं, तसलं. त्यांनी ते लगेच आवरलं. मला मात्र दिसलं.

पुढच्या महिन्यात खाट मिळाली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मिळाल्याचा निरोप आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता एवढा प्रवास सोसणार नाही. थंडीच्या दिवसांत, रोझाबायच्या व्हरांड्यातच, एका सकाळी मिर्याम आईला पेज भरवत असताना रिबकाबाई गेली. आदल्या दिवशी मी तिच्याजवळ होते. तिनं नवऱ्याला एक शब्दही बोल लावला नाही. फक्त कोणी काही दिलं तर पटकन घ्यायची. रोझाबायनं फूल दिलं, घेतलं. मी मोसंबं सोलून दिलं, घेतलं. “आण गं, आण,” म्हणायची. ‘आण’ म्हणताना तिला सरांचं ‘आणि, आणि’ आठवून हसू यायचं.

त्यांच्यात सात दिवस जमिनीवर बसून दुखवटा पाळतात. तिसऱ्या दिवशी भायखळ्याहून हाखाम आले. फार म्हातारे झाले होते. टांग्यातून दोघांनी धरून उतरवलं. सर उठायला गेले, तर हाखामांनी खांदा दाबून बसवलं आणि समोरच्या पाटावर बसले. त्यांना मराठी यायचं नाही. मुंबईच्या हिंदुस्थानीत बोलायचे.

“सुना मैंने,” ते म्हणाले. “तूने खाट दे दी.”

सर म्हणाले, “इस आदमी का उस पर क्या हक था.”

“तेरा हक नहीं था, तो दी कैसे?” म्हातारा पुढं वाकला. “खाट उसकी थी, रूबेन. अपनी चीज देना अलग है.”

खोलीत दहाबारा माणसं होती.

“मैंने तुझको मेहमान की बात बताई थी. याद है? मेहमान भूखा है, फिर भी ना ना बोलता है, शरम के मारे. घरवाला हाथ जोड़ता है. तब वो खाता है. अपने पेट के वास्ते नहीं, घरवाले के दिल के वास्ते. लेना भी देना हो जाता है. आखिर का पाठ वही था. तू ना ना पे ही उठ के चला गया.” मग ते अगदी हळू म्हणाले, “जो कभी लेता नहीं, उसका ‘मैं’ सबसे मोटा.”

रोझाबायनं सगळ्यांसाठी उकडलेली अंडी आणि पाव आणला होता. दुखवट्यात पहिलं अन्न बाहेरच्यानं द्यायचं असतं अशी त्यांची रीत. तिसरा दिवस उलटत आला तरी सर शेजाऱ्यांच्या अन्नाला शिवले नव्हते. हाखामांनी एक अंडं उचलून त्यांच्यापुढं धरलं. सर त्या हाताकडे बघत राहिले. “या माणसाला भूक नाही,” ते मराठीत म्हणाले. हाखामांना शब्द कळले नसतील, अर्थ कळला. त्यांनी अंडं ताटात ठेवलं आणि टांगा आणायला सांगितलं.

सर शाळेत परतल्यावर मी धीर करून विचारलं, “सर, हाखाम म्हणाले ते...”

“हाखामांना राग आला होता,” सर कट्ट्यावरून म्हणाले. “राग म्हणजेही मीच की, प्रधानबाई.” आणि मंद हसले. त्या हसण्याची मला जन्माची चीड आली.

तुकाराम बरा होऊन आला. अंगानं भरला होता, पूर्वीसारखी घंटा द्यायचा. एक सांगते, त्याला घंटा देताना बघितलं की सरांनी चूक केली असं म्हणायला माझी जीभ रेटायची नाही. त्याची पोरं फाटकाशी खेळत असायची. कुणीतरी एक मागं राहणारच होतं. पण मग मिर्यामचा चेहरा दिसायचा. ती शेजारच्याच वर्गात मॅट्रिकला बसत होती आणि वडिलांशी अगदी नेमकं, लागेल तेवढंच बोलत होती.

तुकाराम एकदा मला शाळेच्या व्हरांड्यात गाठून म्हणाला, “बाई, तुमी तरी सांगा मास्तरांका. गावसून शहाळी आणलंय, घेणत नाय. बायलेन कोंबडी शिजवल्यान, घेणत नाय. पाणी म्हटला तर पाणी पण घेणत नाय. माका जगवल्यानी, मगे माझ्या हातचा पाणी कित्याक चलना नाय? माका म्हटल्यानी होता, वैनीक पुढच्या म्हयन्यात खाट मिळतली. माका म्हायत असता तर...” मी सरांना सांगितलं. ते म्हणाले, “दिलं ते विसरायचं असतं. त्यानंही विसरावं.” तुकारामनं शेवटी दुसऱ्या शाळेत बदली मागून घेतली. रोज सकाळी त्या माणसाला नमस्कार करायचा आणि त्यानं बघायचंही नाही, हे किती दिवस चालणार?

मिर्यामचा मामा इस्राएलला जायला निघाला होता. त्या वर्षांत त्यांच्यातली घरंच्या घरं जात होती. मिर्याम त्याच्याबरोबर जाणार, तिथं नर्सिंग शिकणार, असं ठरलं. जायच्या आधी ती मला भेटायला पार्ल्याला आली आणि म्हणाली, “बाई, तुम्ही माझ्याबरोबर घरी चला. मला बाबांना एक विचारायचंय. एकटीनं विचारलं तर मी भांडेन.”

आम्ही गेलो. सर दोन्ही खोल्या आवरून बसले होते. बरीचशी भांडी देऊन टाकलेली दिसत होती.

मिर्याम दारातच उभी राहिली. “बाबा, तुम्ही पण चला. मामानं तुमचं नाव घालायची तयारी केलीय.”

“हा माणूस तिथं काय करणार?”

“काही करू नका. मी कमवीन. तुम्ही घरी असा.”

“मुलीच्या भाकरीवर?”

“हो. माझ्या भाकरीवर.” तिचा आवाज चढला, मग तिनं तो खाली आणला. “आई गेली त्याबद्दल मी तुम्हाला कधी काही बोलणार नाही. शपथ घेते. मला तिथं कोणी नाही, बाबा. संध्याकाळी दमून आले की दार उघडायला कुणीतरी हवं. तुमच्यासाठी नाही विचारत. मला तुम्ही हवे आहात.”

मी खिडकीतून शेताकडे बघायला लागले. एवढं उघड मागणं मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ते ऐकून दगडही हलला असता, आणि सर हललेही. त्यांचे ओठ उघडले. त्या उघडलेल्या ओठांवर ‘मी’ आलं होतं, असं मला आजही वाटतं. ‘मी येतो’मधलं ‘मी’.

मग त्यांनी ओठ मिटले. भिंतीवरचं घड्याळ काढलं, कोटाच्या बाहीनं पुसलं आणि तिच्यापुढं धरलं. “हे तुझ्याबरोबर ने. तिथं उपयोगी पडेल.”

मिर्यामनं हात मागं घेतले. “मला काही देऊ नका, बाबा,” ती म्हणाली. “मी मागायला आले होते. ते तुम्हाला देता आलं नाही.”

बोटीवर ती गेली तेव्हा सर बंदरावर गेले की नाही, मला ठाऊक नाही. मामाच्या पत्रातून कळलं ते एवढंच, की मिर्यामनं शेवटपर्यंत किनाऱ्याकडे पाठ केली होती.

त्यानंतर सरांनी शाळा सोडली. रोझाबायनं खोली सोडायला लावली नाही, पण तीही म्हणायची, “मास्तर आला का मी दार लावते. नायतर कायतरी देऊन जातो.” मरोळच्या रस्त्यावरच्या बायका त्यांना लांबून बघून आत जायच्या. त्यांच्याकडे देण्यासारखं फारसं उरलंही नव्हतं. एक पितळी डबा, एक जुनी टोपी, कधी कुठून तोडलेलं अळू. लोकांना ते नको असे. पुढं माझं लग्न झालं आणि मी घाटकोपरला राहायला गेले.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका हिवाळी दुपारी, अंधेरीच्या बाजाराजवळ. मी बसमध्ये खिडकीशी होते, बस खोळंबली होती. पलीकडे एका प्राथमिक शाळेच्या फाटकाशी थळकर सर उभे होते. कोट तोच, पण त्यात माणूस अर्धाच उरलेला. शाळा नुकतीच सुटली होती. त्यांच्या हातात दोन पेरू होते. समोरून येणाऱ्या पोरापुढं ते वाकायचे आणि हात पुढं करायचे. एक पोर बिचकून आईला बिलगलं. आईनं त्याला ओढत पलीकडे नेलं. दुसऱ्या पोरानं पेरूकडे पाहिलं, सरांच्या तोंडाकडे पाहिलं आणि धूम पळालं. सरांचे ओठ हलत होते. काय म्हणत होते ते मला ऐकू आलं नाही. हळूहळू गर्दी ओसरली, फाटक लागलं. ते तिथंच उभे होते, कोपरात वाकलेला हात तसाच पुढं.

माझ्या शेजारी बसलेल्या म्हातारीनं कनवटीची गाठ सोडून एक आणा काढला आणि खिडकीतून वाकून हाक मारली, “अरे ए बाबा, हे घे.”

सरांनी वर पाहिलं. त्यांनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे. एवढ्यात बस सुटली, आणि तो आणा म्हातारीच्या हातातच राहिला.